लायनेलचे इंजिन गुणगुणते, पण हलत नाही: दर डिसेंबरात परतणारा बिघाड

तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. नाताळच्या दोन आठवडे आधी लायनेल या अमेरिकन कंपनीच्या, विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीचा तळघरातला खोका वर येतो, रूळ जोडले जातात, ट्रान्सफॉर्मरचा दांडा पुढे सरकतो, इंजिनाच्या तोंडाशी असलेला दिवा लागतो, पोटातून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते आणि इंजिन जागचे हलत नाही. मग घरातले कोणीतरी ते हाताने ढकलते, कोणीतरी तेलाचे दोन थेंब आत सोडते आणि तेवढ्यापुरते ते धावतेही. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तोच प्रकार. न्यू जर्सीतील आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर अशी बरीच इंजिने येऊन गेली आहेत. त्यांतील थोडी माझी आणि बाकीची मित्रांची व शेजाऱ्यांची होती. त्या सगळ्यांवरून माझे मत असे झाले आहे की हा बिघाड दरवर्षी परत येतो तो इंजिन जुने आहे म्हणून क्वचितच, आणि आपण त्यात घातलेल्या त्या दोन थेंबांमुळे फार वेळा.

येथे मी युद्धोत्तर काळातील, म्हणजे १९४५ पासून १९६९ पर्यंतच्या लायनेल गाड्यांविषयी लिहीत आहे, कारण घराघरांत सापडणारा माल मुख्यतः त्या काळातला असतो. उदाहरणादाखल समोर २०३७ क्रमांकाचे वाफेच्या धर्तीचे इंजिन ठेवले आहे. हे मॉडेल १९५३ मध्ये आले, पुढे दोन, मध्ये सहा आणि मागे चार अशी त्याची चाकांची रचना आहे, ते धूर सोडते, आणि १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून काढलेल्या फिकट रंगांच्या गाडीला याच इंजिनाचे गुलाबी रूप जोडलेले होते. ती गाडी त्या वेळी दुकानांत पडून राहिली आणि आज तिच्यासाठी संग्राहकांची झुंबड उडते. माझे इंजिन मात्र साधे काळेच आहे.

बिघाड शोधण्यापूर्वी ही गुणगुण कसली, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण गुणगुण हा बिघाड नव्हेच. जोशुआ लायनेल कॉवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली आणि १९०६ मध्ये तीन पट्ट्यांचा रूळ बाजारात आणला. बाहेरच्या दोन पट्ट्यांतून प्रवाह परततो आणि मधल्या पट्टीवरून इंजिनाखालचा रोलर तो उचलतो. प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे घरातील विजेसारखाच दिशा बदलणारा, फक्त ट्रान्सफॉर्मरने कमी दाबाचा केलेला असतो. या प्रवाहावर चालणाऱ्या मोटारीत आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, आणि फील्ड कॉइल, म्हणजे स्थिर गुंडाळी, या दोन्हींतील प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे मोटार एकाच दिशेने फिरत राहते. आज सर्रास मिळणाऱ्या दोन पट्ट्यांच्या गाड्यांमध्ये ट्रान्सफॉर्मरवरची कळ उलटी केली की गाडी मागे जाते. तशी सोय येथे नाही. इंजिन मागे न्यायचे असेल तर फील्ड आणि आर्मेचर यांची आपापसातील जोडणी बदलणारे काहीतरी इंजिनाच्या पोटातच हवे. ते यंत्र म्हणजे ई-युनिट.

हे यंत्र मूळचे लायनेलचे नव्हते. कनेटिकटमधील ब्रिजपोर्टच्या आइव्ह्ज कंपनीने १९२४ च्या सुमारास पुढे, थांबा, मागे, थांबा असा क्रम देणारे यंत्र काढले. १९२८ मध्ये आइव्ह्जचे दिवाळे निघाले, तेव्हा लायनेल आणि अमेरिकन फ्लायर या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ती कंपनी विकत घेतली. लायनेलला आइव्ह्जच्या कारखान्यापेक्षा हे पेटंटच हवे होते, असे जुने संग्राहक आजही सांगतात. त्यानंतर ४००ई किंवा २६०ई असे क्रमांक दिसू लागले. त्यातील ‘ई’ हे अक्षर हे यंत्र आत असल्याची खूण होय. म्हणजे दरवर्षी आपल्याला छळणारा हा तुकडा म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे डोके आहे आणि ते आजही तितकेच चोख चालते, फक्त त्याच्या काही अटी आहेत.

ई-युनिटचे काम असे चालते. एका लहान कॉइलच्या पोकळीत लोखंडी दांडी, म्हणजे प्लंजर, सैल बसलेला असतो. वीज आली की कॉइल त्याला वर ओढते. वर जाताना त्याला लावलेली नखी एका लहान पिंपाला एक घर पुढे फिरवते. पिंपावर तांब्याचे तुकडे बसवलेले आहेत आणि त्यांवर पितळी पट्ट्यांची बोटे टेकलेली आहेत, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन. पिंप फिरला की कोणते बोट कोणत्या तुकड्यावर येते ते बदलते आणि त्याप्रमाणे इंजिन पुढे जाते, थांबते किंवा मागे जाते. वीज गेली की प्लंजर खाली पडतो. पडतो तो केवळ स्वतःच्या वजनाने, कारण त्याला खाली ढकलणारी स्प्रिंग नाही. या पोस्टमधील अर्धी उत्तरे या एका गोष्टीत आहेत: चण्याएवढ्या वजनाच्या तुकड्याला पडता आले पाहिजे, आणि चिकट तेल त्याला पडू देत नाही.

वीज चालू असेपर्यंत प्लंजर वर धरलेला राहतो आणि अमेरिकेतील साठ आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला एकशेवीस वेळा थरथरतो. आपल्याला ऐकू येते ती हीच थरथर. गुणगुण ऐकू आली म्हणजे मधल्या पट्टीपासून कॉइलपर्यंत वीज पोचली, कॉइल शाबूत आहे, आणि इंजिन बहुधा थांब्याच्या घरात उभे आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे वीज पूर्ण बंद करून, एक-दोन सेकंद थांबून पुन्हा देणे, आणि असे चार वेळा करून पाहणे. चार वेळांत एकदाही इंजिन हलले नाही तरच त्याला बिघडलेले म्हणावे.

आवाज ऐकून निदान

या चार खेपांत डोळ्यांपेक्षा कानांचा उपयोग जास्त होतो. प्रत्येक वेळी वीज देताना ‘खट्’ आणि काढताना हलके ‘टक्’ ऐकू येत असेल तर प्लंजर मोकळा आहे. तरीही इंजिन हलत नसेल तर दोष पिंपावरच्या बोटांत, मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ब्रशांत किंवा चाकांत शोधावा. ‘खट्’ एकदाच ऐकू आला आणि नंतर नुसती गुणगुण राहिली, तर प्लंजर वर अडकला आहे. वीज बंद करून इंजिन हातात उलटे धरावे, मग सरळ करावे. निरोगी इंजिनात प्लंजर दोन्ही वेळा आपटल्याचा स्पष्ट आवाज येतो, जणू काडेपेटीत एखादी गोळी हलवावी तसा. आजारी इंजिनात आवाज येतच नाही, किंवा क्षणभर थांबून, मधातून घसरल्यासारखा दबका येतो. ही परीक्षा फुकटची आहे, तिला कोणतेही हत्यार लागत नाही, आणि जुन्या बाजारात एखादे इंजिन विकत घेण्यापूर्वी मी ती दरवेळी करतो.

दिवा लागतो, पण गुणगुणही नाही आणि हालचालही नाही, असे झाले तर बॉयलरच्या वरच्या खाचेतून डोकावणारा लहानसा लीव्हर आधी पाहावा. हा लीव्हर ई-युनिटच्या कॉइलचा प्रवाह तोडतो. इंजिन पुढे धावत असताना तो सरकवला तर ते कायम पुढेच जाते आणि मुलांनी कितीही वेळा वीज चालू-बंद केली तरी मागे येत नाही. परंतु थांब्याच्या घरात असताना लीव्हर सरकला तर इंजिन कायमचे मुके होते. चार वर्षांपूर्वी एका गराज सेलमध्ये ‘चालत नाही’ अशी चिठ्ठी लावलेले इंजिन मी भंगाराच्या भावात घेतले, घरी येऊन लीव्हर नखाने मागे ओढला आणि ते धावू लागले. विकणाऱ्याला कळवावे की नाही या विचारात मी दोन दिवस घालवले आणि शेवटी जाऊन सांगितले. तो हसला आणि त्याने मला दोन डबेही देऊन टाकले.

इंजिन उघडण्यापूर्वी रूळ

आणखी एक खूण फार महत्त्वाची आहे. इंजिन दर फेरीला एकाच जागी थांबते का? तसे असेल तर ते निर्दोष आहे. वीज क्षणभर तुटली तरी प्लंजर पडतो, वीज परत येताच वर उचलला जातो, पिंप एक घर पुढे सरकतो आणि इंजिन थांब्यात जाऊन गुणगुणत उभे राहते. आपण ई-युनिट उघडून बसतो आणि खरा गुन्हेगार असतो तो रुळाचा एखादा ढिला सांधा किंवा काट्यावरील, म्हणजे मार्ग बदलण्याच्या जागेवरील, खाच. ज्यांच्याकडे इंजिन ‘दुरुस्त करूनही परत बिघडते’ त्यांपैकी बऱ्याच घरांत दुरुस्ती इंजिनाची झालेली असते आणि रोग रुळात राहिलेला असतो.

पत्र्याच्या पोकळ रुळांत एका तुकड्याची पिन दुसऱ्याच्या पोकळीत शिरते. सत्तर वर्षांत ती पोकळी रुंदावते आणि आतून गंजते. बारीक पक्कडीने पोकळीचे तोंड किंचित आवळावे, पिन काढून ती कडक पॅडने घासावी, आणि फार गंजलेली पिन बदलावी. आठ वक्र तुकड्यांचे साधे वर्तुळ असेल तर एकाच ठिकाणी वीज जोडली तरी चालते, पण दिवाणखान्याला वळसा घालणाऱ्या मोठ्या मार्गाला दोन-तीन ठिकाणी वीज पोचवावी. इंजिन लांबच्या टोकाला पळत असताना मल्टिमीटरने तेथील दाब मोजून पाहावा. वीज जोडलेल्या जागेपेक्षा तो एक-दोन व्होल्टने कमी असेल तर सांधे दोषी आहेत.

रुळाचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने पुसावा. धूर सोडणाऱ्या इंजिनाचा तेलकट धूर रुळावरच बसतो, त्यामुळे पुसणे हे काम एकदाचे संपत नाही. डाग निघत नसतील तर भांडी घासण्याचा हिरवा पॅड वापरावा, पण लोखंडी घासणी म्हणजे स्टील वूल कधीही नको. तिचे केसासारखे तुकडे रुळांवर पडतात, आणि १९५० पासून लायनेलने चाकांना रुळांवर चांगली पकड मिळावी म्हणून इंजिनात लोहचुंबक बसवले, ज्याला मॅग्ने-ट्रॅक्शन म्हणतात. ते चुंबक हे तुकडे वेचून घेतात आणि ते मोटारीत शिरतात. माझ्या एका मित्राच्या इंजिनाच्या चाकांना अशी लोखंडी दाढी फुटलेली मी पाहिली आहे. ती काढायला एक संध्याकाळ आणि चिकटपट्टीचे अख्खे रीळ लागले.

रूळ झाला की इंजिन उलटे करून खालचे रोलर पाहावेत. ते बोटाने मोकळे फिरले पाहिजेत, आणि ते ज्या पिनेवर फिरतात तेथे केस, गालिचाचे धागे आणि काळे वंगण यांचा गोळा झालेला असतो तो काढावा. चाकांच्या कडेवर साचलेली काळी खपली अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने निघते. तिच्यातून परतीचा प्रवाह जाऊ शकत नाही हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

शिट्टीचा डबा जोडलेला असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. १९३५ पासून लायनेलने दिलेली ही शिट्टी प्रत्यावर्ती प्रवाहात थोडा एकदिश प्रवाह मिसळून वाजवली जाते. तो प्रवाह डब्यातील रिले ओळखतो आणि पंख्याची छोटी मोटार हवा फुंकते. ट्रान्सफॉर्मरमधील शिट्टीचे खटके झिजले की कळ दाबताना वीज पळभर तुटते. शिट्टी वाजवली की इंजिन थांबते अशी तक्रार असेल तर इंजिनाला हात लावू नये, दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील एकदिशकारक चकतीऐवजी डायोड बसवतात, पण तेथे घरातील पूर्ण दाबाची वीज असल्याने ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ट्रान्सफॉर्मरची वायरही वाकवून पाहावी: तिचे रबर कडक होऊन तडकले असेल तर ती बदलेपर्यंत भिंतीत खोचू नये. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूबाबत या एका मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालत नाही.

ई-युनिटची सफाई

आता मुख्य काम. बॉयलरचे कवच कसे निघते ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे आहे, म्हणून आपल्या क्रमांकाचा जुना दुरुस्ती-तक्ता आधी पाहावा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने छायाचित्र काढावे, विशेषतः कोणत्या रंगाची तार कोठे डागलेली आहे त्याचे. कवच निघाल्यावर मोटारीजवळ पोलादी चौकटीत बसवलेले ई-युनिट दिसते. वर कॉइल, तिच्याखाली प्लंजरचे टोक आणि त्याखाली पिंप.

मी शेवटी उघडलेल्या २०३७ मध्ये प्लंजर कॉइलच्या नळीत अर्ध्यावर लटकलेला होता. दातकोरणीने खाली ओढला तेव्हा त्याच्यामागे काकवीच्या रंगाची चिकट तार आली, चक्क दोन बोटे लांब. हे मूळचे यंत्राचे तेल होते; कोणीतरी दर नाताळला एक एक थेंब घालत गेले, तळघराच्या दमट हवेत अकरा महिने ते आटत गेले, त्यात ब्रशांची काजळी मिसळली आणि त्याचा डिंक झाला. नव्या तेलाचा थेंब या डिंकाला तासाभरापुरता पातळ करतो, म्हणून इंजिन तेवढ्यापुरते धावते, आणि पुन्हा आटताना डिंकाचा आणखी एक थर चढतो. ई-युनिटला तेल लागत नाही. प्लंजरलाही नाही, पिंपालाही नाही, कोठेही नाही. गंजलेले स्क्रू सोडवण्यासाठी मिळणारा तेलकट फवारा तर त्याहून वाईट, कारण तो सगळीकडे शिरतो.

सफाईसाठी विजेच्या खटक्यांसाठी मिळणारा, तेल न सोडणारा फवारा घ्यावा, आणि तो प्लास्टिकला मारक नाही याची डबीवर खात्री करून घ्यावी. इंजिन उलटे धरून कॉइलच्या नळीत फवारा मारावा, प्लंजर दातकोरणीने दहा-वीस वेळा वर-खाली करावा, बाहेर ओघळणारे काळे पाणी फडक्याने टिपावे, आणि ओघळ स्वच्छ येईपर्यंत हेच करावे. नंतर पिंप आणि बोटांवर फवारा मारून, पिंप नखाने एक-दोन फेऱ्या फिरवावा. पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान तासभर, वीज देऊ नये; हे द्रव बहुधा ज्वालाग्राही असतात आणि ब्रशांतून ठिणग्या उडतात. खिडकी उघडी ठेवावी.

एवढ्यावर बहुतेक इंजिने बरी होतात. जी होत नाहीत त्यांच्या बोटांकडे भिंगातून पाहावे. बोटाचे टोक झिजून कागदासारखे पातळ झालेले किंवा तुटलेले असते, कधी तांब्याच्या तुकड्यावर खोल चर पडलेला असतो. बोटे व पिंप नवे मिळतात आणि महाग नाहीत, पण ते बसवताना चौकटीच्या दोन्ही भिंती किंचित फाकवून पिंप सोडवावा लागतो. जास्त फाकवल्या तर नवा पिंप ढिला पडतो आणि आपण कालच्याहून वाईट स्थितीत येतो. बोटे चांगली टेकावीत म्हणून ती पक्कडीने वाकवण्याचा मोहही आवरावा. ती फार दाबून टेकली तर पिंप जड होतो, कमी दाबावर प्लंजरला तो पुरता फिरवता येत नाही आणि तो दोन घरांच्या मध्ये अडकतो.

काही इंजिनांत नळी आरशासारखी स्वच्छ होऊनही प्लंजर वर चिकटून राहतो. तेव्हा प्लंजरचे टोक टाचणीजवळ न्यावे. टाचणी उचलली गेली तर प्लंजर स्वतःच चुंबक झाला आहे. कधी हजारो वेळा आपटून त्याचे वरचे टोक भूछत्रासारखे पसरलेले असते आणि नळीत घासते. ते बारीक कानशीने मूळच्या आकारात आणता येते. चुंबक झालेला प्लंजर मात्र मी सरळ बदलतो.

मोटार आणि चाके

ई-युनिटचे ‘खट्’ आणि ‘टक्’ दोन्ही नीट येत असून इंजिन हलत नसेल तर मोटारीकडे वळावे. ब्रशांवर दाब देणाऱ्या स्प्रिंगा काढताना इंजिन एका पांढऱ्या टॉवेलवर ठेवावे, कारण त्या उसळतात आणि फरशीवर कधीच सापडत नाहीत. कार्बनचे ब्रश फार आखूड झाले असतील तर जोडीने बदलावेत. आर्मेचरच्या तांब्याच्या तोंडावर, म्हणजे कम्युटेटरवर, तीन तुकडे आणि त्यांच्यामध्ये तीन खाचा असतात. त्या खाचांत तेल व कार्बन मिळून बसलेला चिखल वीज एका तुकड्यातून दुसऱ्यात नेतो, मोटार तापते आणि तिचे बळ जाते. दातकोरणीने खाचा साफ कराव्यात, तोंड अल्कोहोलने पुसावे. हा चिखलही बहुधा तेलाचाच प्रताप असतो. आर्मेचरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना सुईच्या टोकावरून एक एक थेंब तेल योग्यच आहे, पण थेंब म्हणजे एकच थेंब. लायनेल स्वतः १९५० च्या दशकात ९२७ क्रमांकाची देखभालीची पेटी विकत असे, तिच्यात तेलाची कुपी आणि वंगणाची नळी असे. पुष्कळ घरांतील उगाच तेल घालण्याची सवय त्या पेटीपासूनच लागली असावी, अशी मला शंका आहे.

मोटारच दोषी आहे की नाही हे निश्चित करायचे असेल तर ब्रशांच्या दोन्ही तारा ई-युनिटपासून सोडवून फील्ड कॉइल, एक ब्रश आणि दुसरा ब्रश अशी सरळ साखळी जोडावी आणि कमी दाब देऊन पाहावे. मोटार फिरली तर ती निर्दोष. फिरत नसेल तर वीज काही सेकंदांत काढावी. अडकलेल्या मोटारीला वीज देत राहणे म्हणजे तिची कॉइल भाजणे. गिअरमधील जुने वंगण मेणासारखे घट्ट झाले असेल तर चाके हातानेही जड फिरतात. ते मिनरल स्पिरिटने धुऊन नवे वंगण अगदी पातळ लावावे. सुरुवातीच्या काळातील रबरी आवरणाच्या तारा वाकवताच आवरणाचा भुगा होतो. त्या एकामागून एक बदलाव्यात, सगळ्या एकदम सोडवून नव्हे.

युद्धपूर्व इंजिनांत आणखी एक दोष आढळतो आणि त्यावर इलाज नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांतील ओतीव जस्ताच्या चाकांत शिसे किंवा कथिलाची भेसळ राहिली असेल तर धातू वर्षानुवर्षे आतून फुगतो, वाकतो आणि बिस्किटासारखा फुटतो. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात, जरी तेथे कसलीही कीड नसते. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्तापासून झॅमॅक हा मिश्रधातू काढला, त्यानंतर हा दोष हळूहळू मागे पडला. फुगलेले चाक चौकटीला घासून इंजिन अडते. त्याला कानशीने घासून बसवले तरी सहा महिन्यांत ते पुन्हा अडते, म्हणून त्या चाकांवर वेळ न घालवता नव्या ओतीव चाकांचा संच घ्यावा. अमेरिकन फ्लायरच्या युद्धोत्तर गाड्यांना मात्र वरील क्रम जसाच्या तसा लावू नये: त्यांचा रूळ दोन पट्ट्यांचा असतो, वाफेच्या पुष्कळ इंजिनांत दिशा बदलणारे यंत्र इंजिनात नसून मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशाच्या डब्यात, असते, आणि दोहोंना जोडणाऱ्या तारा तुटणे हीच तेथील नेहमीची तक्रार आहे.

बदललेले जुने भाग फेकू नयेत. इंजिन पुढे कोणाकडे गेले तर काय मूळचे आणि काय नवे हे सांगता आले पाहिजे. १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील यार्डली येथे स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनच्या सभासदांत वस्तूची स्थिती १ ते १० अशा श्रेणीने सांगण्याची पद्धत आहे, आणि एप्रिल व ऑक्टोबरात त्याच राज्यातील यॉर्क येथे भरणाऱ्या मेळाव्यात झिजलेल्या मूळ रंगाचे इंजिन नव्याने चकचकीत रंगवलेल्या इंजिनापेक्षा आदराने पाहिले जाते. म्हणून कवच धुताना साबणाचे कोमट पाणी पुरे. क्रमांकाची पांढरी अक्षरे अल्कोहोलने पुसली तर क्षणात जातात. हे मी एकदा करून बसलो आहे.

हे इंजिन पुण्या-मुंबईला नेणाऱ्यांसाठी थोडे. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्ट आणि ६० आवर्तनांसाठी बांधलेला आहे. त्याला २३० व्होल्ट सरळ दिले तर तो जळतो. मध्ये दाब उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा आणि त्याची क्षमता गाडीच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा जास्त हवी. लायनेलचा १०३३ हा ९० वॉटचा आहे, मोठा झेडडब्ल्यू २७५ वॉटपर्यंत जातो. आवर्तने मात्र कोणताही साधा ट्रान्सफॉर्मर बदलू शकत नाही. भारतातील ५० आवर्तनांवर जुन्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा अधिक तापतो, म्हणून उतरवलेला दाब १०० व्होल्टच्या आसपास ठेवावा, १२० नव्हे, आणि अर्ध्या तासाने हात लावून पाहावा. अमेरिकेतच काही भागांत एके काळी २५ आवर्तनांची वीज होती आणि लायनेल त्या गावांसाठी वेगळे ट्रान्सफॉर्मर बनवत असे, यावरून ही गोष्ट किरकोळ नाही हे कळते. भारतात ई-युनिटची गुणगुण थोड्या खालच्या सुरात ऐकू येईल. ती ऐकून इंजिन उघडू नये.

हंगाम संपल्यावर इंजिन चाकांवर उभे, साध्या कागदात गुंडाळून, तळघराऐवजी घरातील कोरड्या कपाटात ठेवावे. मी प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी ठेवतो: कोणत्या वर्षी काय साफ केले, कोणता भाग बदलला, लीव्हर कोणत्या बाजूला आहे. सर्वांत खाली लाल शाईने लिहिलेले असते, ‘ई-युनिटला तेल घालू नये’. शेजारच्या आजोबांच्या खोक्यातील चिठ्ठीवर मी हे दोनदा अधोरेखित केले आहे, कारण त्यांची तेलाची कुपी अजून त्याच खोक्यात आहे.